एक युरोची लघुशंका

युरोप सहलीच्या माहितीपत्रकात खोटं काही नसतं. फक्त जे खरं असतं ते शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. 'रोमन वैभव आणि मध्ययुगीन गावं' या सहलीचंच बघा. पहिल्या पानावर कलोसियम, दुसऱ्यावर दगडी कमानी, तिसऱ्यावर कुणीतरी गोरी जोडपी सूर्यास्ताकडे बघत बसलेली. मग 'सर्व काही समाविष्ट' या मथळ्याखाली विमान, व्हिसा, विमा, हॉटेल, रात्रीचं भारतीय जेवण, बसमध्ये वाटायची चिवड्याची पाकिटं. आणि शेवटच्या पानावर, तक्रारींसाठीच्या न्यायालयीन कक्षेच्याही खाली, एक ओळ: 'शौचालयासाठी लागणारे सुटे युरो प्रवाशांनी स्वतःजवळ ठेवावेत.'

चार लाख भरले, त्यात पोटात जाणारं सगळं आलं. बाहेर येणारं तेवढं आलं नाही.

आता हे सुटे आणायचे कुठून? पुण्यात परकीय चलन देणारा माणूस नोटा देतो, नाणी देत नाही. त्याच्याकडे ती नसतातच. आपण कोऱ्या करकरीत पन्नासच्या नोटा घेऊन रोममध्ये उतरतो आणि टॉयलेटच्या दारातल्या त्या स्टीलच्या फिरत्या दांड्यासमोर उभे राहतो. दांड्याला नोट समजत नाही. त्याला नाणं लागतं. नाणं हवं तर नोट मोडायला हवी, नोट मोडायची तर काहीतरी विकत घ्यायला हवं, आणि आजूबाजूला सगळ्यात स्वस्त मिळतं ते म्हणजे पाणी किंवा कॉफी. म्हणजे जे बाहेर टाकायला नाणं हवंय, त्याचाच कच्चा माल आधी पोटात भरायचा. इटलीतल्या बारमध्ये काउंटरशी उभ्याउभ्या कॉफी घेतली की गिऱ्हाईक म्हणून मागचं टॉयलेट सहसा फुकट वापरता येतं. हा शोध प्रत्येक बसमधल्या एका तरी काकांना दुसऱ्या दिवशी लागतो आणि ते तो माइकवरून जाहीर करतात. "टॉयलेट एक युरो, कॉफी एक वीस. म्हणजे कॉफी पडली वीस सेंटला!" टाळ्या होतात. चाळीस मिनिटांनी तीच वीस सेंटची कॉफी सगळ्यांना पुन्हा उभं करते.

बरं, पाण्याला या देशांत तोटा नाही. रोम शहरात रस्त्याच्या कडेला अडीच हजारांच्या आसपास लोखंडी नळकांडी उभी आहेत. 1874 पासून ती बसवली गेली. त्यांच्यातून चोवीस तास गार, पिण्याजोगं पाणी वाहतं आणि ते फुकट असतं. बाटली भरा, तोंड धुवा, कुणी विचारत नाही. रोमन लोकांना पाणी आणण्याचं वेडच होतं. राजधानीत अकरा कालवे आणून सोडले. फ्रान्सच्या दक्षिणेला नीम शहरासाठी 50 किलोमीटरवरून पाणी आणलं. उगमापासून शहरापर्यंतचा एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर, आणि मध्ये गार्दों नदी आडवी आली म्हणून तिच्यावर 49 मीटर उंचीचा तीनमजली पूल उभा केला, पों द्यू गार. स्पेनमध्ये सेगोव्हियाला तर चुना न वापरता नुसत्या ग्रॅनाइटच्या दगडांवर दगड रचून कमानी उभारल्या, त्या अजून उभ्या आहेत. गाईड हे सगळं घसा सुकेपर्यंत सांगतो. आपण माना वर करून 'अबब' म्हणतो. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उतारावर पाणी! अशा या संस्कृतीच्या वारसदारांनी पुढचा अर्धा भाग मात्र असा ठरवलाय, की पाणी आम्ही फुकट देऊ, तुम्ही ते परत करायला आलात तर एक युरो पडेल.

आणि रोमन लोकांचा न्याय याच्या बरोबर उलटा होता, हे कुणी मोठ्याने सांगत नाही. ज्या सम्राटाच्या कारकिर्दीत, इ.स. 70 नंतर, कलोसियमचं बांधकाम सुरू झालं, त्यानेच मूत्रावर कर बसवला होता. मुलाने नाक मुरडलं तेव्हा बापाने करातून आलेलं नाणं त्याच्या नाकाशी धरून वास येतो का विचारलं, ही कथा गाईड आवर्जून सांगतो. पण कर कोणावर होता, हे खालच्या आवाजात सांगतो. कर होता माल उचलणाऱ्यावर! मूत्र साठवून कुजवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनियाने कपड्यांचा तेलकट मळ निघतो. रोमन सिनेटरांचे ते पांढरे टोगे धुणारे आणि कातडी कमावणारे लोक सार्वजनिक मुताऱ्यांतला माल विकत घेत. कर त्यांनी भरायचा. ज्याने माल दिला तो टोगा सावरत पुढे निघून गेला, त्याच्या खिशाला हात लागला नाही. आज माल आमचा, तो तिथपर्यंत वाहून आणण्याचे कष्ट आमचे, धीर आमचा, आणि पैसेही आम्हीच मोजायचे. हा कुठला व्यवहार? आपल्याकडे गावातल्या दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याने दूध ओतलं आणि केंद्रवाल्याने वर लिटरमागे शंभर रुपये मागितले, तर किटली त्याच्या डोक्यात बसेल. उत्पादकाला भाव मिळायला हवा. आणि आमची बस म्हणजे काही साधी बस नव्हे. साठीच्या पुढची पंचेचाळीस माणसं, निम्म्यांना मधुमेह, उरलेल्या निम्म्यांना रक्तदाबाची ती पाण्याची गोळी. असा खात्रीचा, दिवसातून आठआठ वेळा होणारा पुरवठा त्या काळच्या कुठल्या धोब्याला मिळाला असता? त्याने बस वेशीवरच अडवली असती, खाली उतरून काकांना हाताला धरून नेलं असतं. दुधाला फॅटवर दर असतो तसा इथे साखरेवर दर लागला असता, आणि आमच्या जोशीकाकांनी तर सहलीचा खर्च वसूल करून वर सुनेसाठी पर्स घेतली असती. पण नाही. धोबी गेले, पावडर आली, मालाची किंमत शून्य झाली. वसुली मात्र राहिली, आणि ती उलट्या दिशेने सुरू झाली.

ओस्तियाला तर थट्टेचा कळस आहे. रोमजवळच्या या जुन्या बंदरात रोमन काळातलं एक सार्वजनिक शौचालय शाबूत आहे. भिंतीला लागून संगमरवरी बाक, त्याला ओळीने वीसेक भोकं, मध्ये आडोसा म्हणून काही नाही. खालून वाहत्या पाण्याचा पाट. काम झालं की काठीला बांधलेला स्पंज, तो म्हणे सामायिक असायचा. इथे आल्यावर जनतेत उत्साह संचारतो. काका बसून दाखवतात, काकू फोटो काढतात, जावई व्हिडिओ करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. सगळे हसतात आणि हसता हसता पाय एकमेकांवर घट्ट दाबून उभे राहतात. कारण जे टॉयलेट वापरता येतं ते एक युरोत, आणि जे वापरता येत नाही ते बघायला त्याच्या कित्येक पट तिकीट!

मध्ययुगीन गावांत हा प्रश्न आणखी चढावर जातो, अक्षरशः. ही गावं डोंगरमाथ्यावर, तटबंदीच्या आत. बसला आत बंदी. बस खाली थांबते आणि टूर मॅनेजर माइकवर ते अजरामर वाक्य बोलतो: "ज्यांना जायचंय त्यांनी इथेच जाऊन या, वर सोय नाही." सॅन जिमिन्यानोच्या श्रीमंत घराण्यांनी शेजाऱ्यावर मात करायला म्हणून एकेकाळी 72 मनोरे उभारले. त्यांतले चौदाच्या आसपास उरलेत. खाली वाहनतळाजवळ रांगेत उभ्या असलेल्या बायकांना त्यांतले फार तर दोन दिसतात.

हो, बायकांना. इथून पुढे मला विनोद सुचत नाहीये. पुरुषांची रांग तीन मिनिटांत संपते. काका बाहेर येतात, हात पुसतात, आइस्क्रीम घेतात, मनोऱ्याचा फोटो काढतात आणि घड्याळ दाखवत ओरडतात, "अगं, किती वेळ?" कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं, 'सिएना : 45 मिनिटं मुक्त वेळ'. त्यातली पस्तीस मिनिटं बाई कुणा जर्मन आजीच्या पाठीकडे बघत मुक्तपणे उभी असते. दर तोच, एक युरो. दारं दोन, त्यातलं एक बंद. सिएनाने मध्ययुगात 25 किलोमीटरचे भुयारी कालवे खोदून भर चौकात कारंजं आणलं, त्याचं कौतुक तिच्यापुढे करायचं! तिला त्या कारंज्याचा आवाजसुद्धा नको असतो. मग ती काय करते? जे ती आयुष्यभर करत आली तेच. पाणी पीत नाही. सकाळी हॉटेलात अर्धा कप चहा, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. सकाळची गोळी पर्समध्येच ठेवते. 'प्रवासात घेतली की त्रास होतो हो.' डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी! लग्नाच्या वऱ्हाडात, गावच्या जत्रेत, नोकरीच्या ठिकाणी न पिण्याची तालीम तिने लहानपणापासून केलेली आहे, म्हणून आपल्या बायका इतक्या 'ॲडजस्ट' करणाऱ्या. ऑगस्टच्या त्या उन्हात, अडीच हजार फुकट नळांच्या शहरात, ती कोरड्या ओठांनी फिरते. आणि तिला 'तुम्हां बायकांना सारखं कसं गं लागतं' असं विचारणारा तो गृहस्थ, जो स्वतः महामार्गावरच्या झुडपांना घाबरत नाही, त्याला त्या ओस्तियाच्या बाकावर बसवून तो ऐतिहासिक स्पंज हातात द्यायला हवा.

असो. रागावल्यावरही जावं लागतंच.

काही बायका मात्र हार मानत नाहीत. प्रत्येक बसमध्ये एक कुलकर्णीकाकू असतात. त्या एक युरो टाकतात, आत शिरतात, आणि दार पाठीने धरून ठेवतात. "या गं या, पटापट!" एका युरोत चौघी आत. यंत्र ओरडतं, आतली इटालियन बाई ओरडते. काकू शांतपणे मराठीत सांगतात, "आमची एकच फॅमिली आहे." मला या प्रसंगात नैतिकतेची बाजू दिसत नाही. ती असेलही.

आता कुणी म्हणेल, बसमध्ये टॉयलेट नसतं का? असतं ना! मधल्या दाराच्या पायऱ्यांशी, छान दार असलेलं. त्याला कुलूप असतं. किल्ली ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हरच्या मते ते 'फक्त तातडीसाठी' आहे. तातडी म्हणजे काय, ते तो सांगत नाही. त्याला इंग्रजी तेवढ्यापुरतं येत नाही. गंमत म्हणजे आपल्या मूत्राशयाचा या खंडावर जो एकमेव रक्षक आहे, तो कायदा याच ड्रायव्हरसाठी केलेला आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की त्याने 45 मिनिटं विश्रांती घ्यायलाच हवी. त्याच्या डोळ्यांना झोप येऊ नये म्हणून केलेल्या नियमात आमचा जीव वाचतो. महामार्गावरच्या त्या थांब्यांत टॉयलेट बहुधा फुकट असतं. दाराशी बशी ठेवून बसलेल्या मावशीच्या नजरेला नजर न देता बाहेर पडलं की झालं. फक्त बाहेर पडायची वाट चीज, चॉकलेट, पास्त्याची पाकिटं आणि प्लास्टिकच्या कलोसियमच्या मधून वळणं घेत जाते. युरो वाचवून बाहेर आलेले काका शेवटी एकोणीस युरोंचं मांजर घेऊन बसमध्ये चढतात. 'नातीला.'

आणि इतकं सगळं करून, काटकसरीने, दारं धरून, कॉफ्या पिऊन, काकांच्या खिशात एक नाणं शिल्लक राहतं. शेवटची संध्याकाळ, त्रेवीचं कारंजं. ख्रिस्तपूर्व 19 मध्ये बांधलेल्या कालव्याचं पाणी आजही त्याला मिळतं. पाठमोरं उभं राहून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो, अशी समजूत. एक युरोसाठी दिवसभर कुरकुरणारी माणसं इथे हसत हसत वर्षाला दहा लाखांहून जास्त युरो पाण्यात टाकतात. काका फोनचा कॅमेरा रोखून तयार. नाणं काकूंच्या हातात. मागे कारंजं धो धो कोसळतंय, दुपारपासून टॉयलेट मिळालेलं नाही, आणि त्या आवाजाने काकूंचा चेहरा पांढरा पडत चाललाय.

"टाक की गं," काका म्हणतात. "परत यायचंय ना रोमला?"

"परत येण्याचं नंतर बघू," काकू नाणं मुठीत आवळून चालायला लागतात. "आत्ता आधी जायचंय."