खोली क्रमांक एक

यंत्राला खरंच समजतं, की ते समजल्यासारखं नुसतं बोलतं, यावर जगभरचे विद्वान घाम गाळताहेत. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत हा विषय चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात निकालात निघाला. पवनीकरांचा अनुभवच दांडगा.

धरणात जमीन गेलेल्या एका काकांनी नातवाच्या मोबाइलमधल्या यंत्राला वाढीव मोबदल्याचं विचारलं. यंत्र उत्तरलं, ‘आपली व्यथा मी समजू शकतो. कृपया संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.’ काका म्हणाले, “हा तं साहेबच हाये गा!”

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये एक खोली कल्पिली. आत चिनी न येणारा माणूस. फटीतून चिनी चिठ्ठी येते, तो नियमांचं पुस्तक उघडतो, या चिन्हापुढे ते चिन्ह लावतो आणि उत्तर बाहेर सरकवतो. बाहेरच्याला वाटतं, आत पंडित बसलाय. आतल्याला ओ की ठो कळलेलं नसतं. सर्लना ही खोली कल्पावी लागली, बिचारे! आपल्याकडे तिला ‘आवक-जावक, खोली क्रमांक एक’ म्हणतात. अर्ज आत जातो, गोल शिक्का बसतो, शासन निर्णय चाळला जातो आणि ‘प्रकरण कार्यवाहीत आहे’ असं निर्दोष मराठी पत्र बाहेर येतं. काकांची जमीन ज्यात गेली, त्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी झाली. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा. पुढे तो हजारो कोटींवर गेला. पत्रं मात्र तशीच बिनचूक येत राहिली.

ॲलन ट्युरिंग यांची 1950 ची कसोटी अशी, की लेखी उत्तरांवरून समोर माणूस की यंत्र हे ओळखता येऊ नये. टपरीवर काकांच्या पिशवीतली पत्रं वाचून पाहिली. आत माणूस असल्याचा संशय कुणालाच आला नाही.

राहिली जाणीव. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. त्याचा दाखला देत एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “बुद्धानं माणसातच ‘मी’ नाही म्हटलं, मग यंत्रात काहून शोधता जी?” यावर कुणीतरी त्यांना नगरपरिषदेच्या निवडणुकीची आठवण करून दिली आणि गुरुजी गप्प झाले.

तेव्हा शासनास नम्र विनंती, की यंत्राच्या आकलनाची तपासणी करण्यासाठी समिती अवश्य नेमावी. फक्त सुरुवात खोली क्रमांक एकच्या खिडकीच्या आतून करावी. आणि या अर्जाचा आवक क्रमांक तेवढा कळवावा.