सात बुटक्यांचा सातबारा

आमच्या देवळीत माणूस निवृत्त झाला की पुढं काय करणार हे साधारण ठरलेलं असतं. शेत असेल तर तो धुऱ्यावर उभा राहून सालदाराच्या चुका काढतो, नसेल तर मिरननाथ महाराजांच्या देवळात बसून सुनेच्या. उरलेले वर्धेला जाऊन डॉक्टर बदलत राहतात. पटवारी साहेबांनी यांतलं काहीच केलं नाही. ते ‘हिमगौरी आणि सात बुटके’ वाचायला बसले आणि अजून उठलेले नाहीत.

पटवारी हे त्यांचं आडनाव नाही. सरकारनं या पदाला तलाठी म्हटलं, अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव दिलं. आमच्याकडचा शेतकरी मात्र आजाच्या काळापासून पटवारीच म्हणत आला आहे. साहेबांचं अक्षर असं की त्यांच्या हातचा सातबारा लोक बँकेत देण्याआधी घटकाभर नुसता बघत बसत. उंची बेताची, आवाज मोठा, खिशाला दोन पेनं. निळं लिहायला आणि लाल चुकीवर गोल करायला. दप्तर सोपवताना त्यांनी किल्ल्या दिल्या, शिक्के दिले. लाल पेन तेवढं द्यायचं राहिलं.

दिवाळीत पुण्याहून नात आली. दुसरीतली पोर, मोबाइल काढून घेतल्यावर म्हणाली, “आबाजी, गोष्ट सांगा.” साहेबांनी माळ्यावरची ट्रंक उतरवली. जुन्या मोजणीच्या नकाशांखालून एक पुस्तक निघालं. वर्धेला कापूस विकून येताना त्यांच्या वडिलांनी आणलेलं. कव्हर कधीच गेलेलं, शेवटचं पान उंदरांनी नेलेलं. राणी म्हातारीचं सोंग घेऊन दाराशी येते ते पान आपण लहानपणी पांघरुणात शिरून, एकच डोळा उघडा ठेवून वाचायचो, असं ते स्वतःच सांगतात. आता त्यांनी चष्मा चढवला, नातीला जवळ घेतलं आणि सुरुवात केली. हिमगौरीची आई वारते, राजा दुसरं लग्न करतो, इथपर्यंत आले आणि थांबले.

“वारस नोंद?”

“काय?” नात म्हणाली.

“बाई वारली. तिच्या नावानं काही असंल नसंल. पोरीचं नाव लावलं का नाही? राजा डायरेक्ट बोहल्यावर!”

आणि समासात लाल पेनानं लिहिलं: ‘हिमगौरी, अज्ञान, अ.पा.क. राजा.’ महसुली भाषेत अज्ञान म्हणजे वयात न आलेलं, आणि अ.पा.क. म्हणजे त्याचा पालनकर्ता. पण हा पालनकर्ता लग्नानंतर गोष्टीत पुन्हा कुठंच दिसत नाही, हे साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि नात झोपली होती. साहेब जागे राहिले.

सकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी विषय काढला तो बुटक्यांच्या झोपडीचा. आमच्याकडे जंगल म्हटलं की पहिला प्रश्न, कोणतं? राखीव, संरक्षित की झुडपी? पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ही झुडपी जंगलाची भानगड पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही जमीन वनच आहे, आणि आधीच्या वाटपांसाठी 12 डिसेंबर 1996 ही तारीख धरली. साहेबांनी ती तारीख बुटक्यांना लावली.

“पुस्तक 1812चं. म्हणजे ताबा 96च्या आधीचा. तेवढं जमते. पण वाटप कोन्या अधिकाऱ्यानं केलं थे सांगा.”

“भूदानात भेटली असंल जी,” एक जण म्हणाला. पवनार आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं विनोबा अशा वेळी कुणालाही आठवतात.

“मंग वर्ग दोन! इकता येत नाही. आन् सात जनांत एकच झोपडी. पोटहिस्से पाडले का? सात ताटं, सात गिलास, सात खाटा हे लेखकानं मोजलं. गुंठे नाही मोजले.”

खाणीचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. बुटके डोंगरात खणायला जातात. आम्हाला वाटलं, साहेब आता रॉयल्टीची पावती मागणार. पण इथं त्यांचा कायद्याचा अभ्यास दिसला. मुरूम, रेती, गिट्टी असती तर गौण खनिज. बुटके सोनं काढतात. “ते मुख्य खनिज. आपल्या अखत्यारीत नाही,” असं म्हणून त्यांनी खाण सोडून दिली. अधिकाराबाहेर पाऊल टाकायचं नाही हे तत्त्व त्यांनी परीकथेतही पाळलं, याची नोंद व्हायला हवी.

असे वाचक मी आणखीही पाहिले आहेत. निवृत्त गुरुजी लहानपणीचं पुस्तक उघडतात ते शुद्धलेखन तपासायला. आमच्या गल्लीतल्या माजी कंपाउंडरांना हिमगौरीची केस सांगितली तर म्हणाले, “विषबाधा नाहीच. घशात तुकडा अडकला. पाठीत चार धपके मारले असते तर काचेच्या पेटीचा खर्च वाचला असता.” गंमत म्हणजे मूळ गोष्ट त्यांच्याच बाजूची आहे. ग्रिम बंधूंच्या पुस्तकात राजपुत्राची माणसं पेटी उचलून नेताना ठेचकाळतात, हिसका बसतो आणि सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. चुंबनानं जाग येणं हे 1937च्या डिस्नेच्या सिनेमामुळं आपल्या डोक्यात बसलं. साहेबांना हे ऐकून बरं वाटलं. चुंबनाचा पंचनामा कसा लिहावा या काळजीत ते दोन दिवस होते.

त्यांना खरा धक्का दिला जावयानं. पुण्याचा माणूस, हातात मोबाइल. त्यानं सहज सांगून टाकलं की 1812च्या पहिल्या आवृत्तीत ती दुष्ट राणी सावत्र नव्हतीच. हिमगौरीची सख्खी आई होती. 1819च्या आवृत्तीत ग्रिम बंधूंनी तिला सावत्र केलं.

साहेब ताडकन उठले. “फेरफार! सख्खीचं नाव कमी करून सावत्रीचं चढवलं. नऊ नंबरची नोटीस कोनाले बजावली? पंधरा दिवस हरकतीले देल्ले का?”

“मामा, ती गोष्ट आहे,” जावई म्हणाला.

“गोष्ट लोकाईच्या घरात! रेकॉर्ड म्हनजे रेकॉर्ड.”

त्या दिवशी जावयाला दुपारच्या ऐवजी सकाळच्या गाडीनं जाता आलं असतं तर बरं, असं वाटलेलं मी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. पण जाता जाता त्यानं दुसरीही आगळीक केली. उंदरांनी नेलेल्या शेवटच्या पानावर काय होतं ते सांगितलं. हिमगौरीच्या लग्नात राणीला निखाऱ्यांवर तापवलेले लोखंडी जोडे घालायला लावतात आणि ती मरेपर्यंत नाचते.

साहेब काहीच बोलले नाहीत. रात्री जेवलेही नाहीत. ज्या राणीला भिऊन हा माणूस पांघरुणात शिरायचा, तिचा शेवट त्याला साठी उलटल्यावर कळला, आणि तो चक्क तिच्या बाजूनं उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केपवर अपील लिहायला घेतलं. आरोपपत्र नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, राणीचा जबाब नाही. लग्नमांडवातच शिक्षेची अंमलबजावणी. “निलंबन करायचं. लय झालं तं सक्तीची निवृत्ती,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “थे बी काही कमी नाही बाप्पा.”

इथं मला त्यांच्या वाचनातली मेख सापडली. ती समजायला त्यांच्या जागेवर आलेल्या मॅडम माहीत पाहिजेत. तिशीच्या आतली पोरगी, स्पर्धा परीक्षा पास होऊन आलेली, पुढ्यात लॅपटॉप. सातबारा ऑनलाइन, त्यावर डिजिटल सही. पीकपाहणीसाठी शेतकरी स्वतःच मोबाइलवर फोटो काढतो. ती पद्धत 2021पासून राज्यभर आली. साहेबांच्या अक्षराचं काम उरलं नाही. तरी ते रोज टपरीवर यायचे, अर्धा कट घ्यायचे आणि टपरीवाल्याला विचारायचे, “काय म्हनते लोक? कामं होऊन रायले का?” टपरीवाला अनुभवी. तो म्हणायचा, “तुमच्या टायमासारखं नाही राहिलं जी.” साहेब खूश होऊन बिस्किटाचा पुडा घ्यायचे. हे रोज चालायचं. मग एक दिवस टपरीवाल्याचंच काम मॅडमकडे निघालं, वारसाची नोंद, आणि ते वेळेत झालं. त्या संध्याकाळी साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. टपरीवाला कप विसळता विसळता बोलून गेला, “नाही पन, मॅडम चांगल्या आहेत.”

बिस्किटं त्या दिवशी घेतली गेली नाहीत.

दोन दिवसांनी साहेब सदरा बदलून, केस नीट बसवून, पिशवी घेऊन निघाले. पिशवीत शेतातली सीताफळं होती, डोळे उघडलेली, उद्या पिकतील अशी. मॅडमना द्यायची होती. नवीन माणूस, गावाची ओळख व्हावी, एवढाच हेतू. दारात त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “कोनाले?”

“मॅडमले.”

काकू आधी भिंतीला टेकल्या, मग खाली बसल्या. हसू आवरेना. “अवो, थ्या राणीनं सफरचंद नेलं होतं. तुमी सीताफळ नेऊन रायले!”

मला वाटलं साहेब चिडतील. ते उंबऱ्यावरच बसले. थोड्या वेळानं तेही हसायला लागले, आणि हसता हसता म्हणाले, “सात वर्षांच्या पोट्टीवर जळली बिचारी. आपली तं तिशीची आहे.” मग सीताफळं घेऊन गेलेच. मॅडमनी दोन ठेवून घेतली, साहेबांना खुर्ची दिली आणि जुन्या काळातली एक मोडी-बाळबोध खिचडी झालेली नोंद वाचून द्या म्हणाल्या. साहेबांनी ती वाचून दिली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा बोलावणं येतं. ते लाल पेन घेऊन जातात आणि वापरत नाहीत.

अपील मात्र त्यांनी मागं घेतलं नाही. फुलस्केपची सात पानं झाली आहेत. नातीनं फोनवर विचारलं की राणीला शेवटी काय शिक्षा, तर आजोबांनी सांगितलं की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. नातीनं ते शाळेत जसंच्या तसं सांगितलं, आणि बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

माझं मत विचाराल तर, परीकथा लहान मुलांसाठी असते हे खोटं आहे. लहान मुलाला तिच्यात फक्त सफरचंद दिसतं. आरसा दिसायला निवृत्तीचा आदेश हातात पडावा लागतो. साहेबांनी कथेची नासाडी केली असं गुरुजी म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोनशे वर्षांत या राणीला वकील मिळाला नव्हता, तो देवळीत मिळाला.

आता साहेबांनी ‘सिंड्रेला’ मागितली आहे. भोपळ्याची नोंद बारा नंबरात पीक म्हणून घ्यायची की परिवहन खात्याकडे वाहन म्हणून, हा मुद्दा त्यांनी वाचायच्या आधीच काढून ठेवला आहे. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांना नम्र विनंती, की कापसाची वेचणी आटोपेपर्यंत ती देऊ नये. आम्हा लोकांना कामं आहेत.