राउटरपती

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आश्रयाने वाढलेल्या मानवी प्रकारांपैकी सेक्रेटरी, पाण्याच्या टाकीचा स्वयंघोषित निरीक्षक आणि पार्किंगच्या नियमांचा भाष्यकार यांची दखल विनोदी वाङ्मयाने पूर्वीच घेतली आहे. त्यांच्या पंक्तीला अलीकडे येऊन बसलेल्या राउटरपतीकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. राउटर म्हणजे तारेने घरापर्यंत आलेली इंटरनेटची जोडणी घरातल्या अनेक यंत्रांना रेडिओलहरींनी वाटून देणारी पेटी, आणि राउटरपती म्हणजे त्या पेटीचे पालकत्व ज्याच्याकडे आले आहे, किंवा कोणी दिलेले नसताना ज्याने ते घेतले आहे, असा कुटुंबप्रमुख. डोंबिवली, ठाणे, कोथरूड, चिंचवड या पट्ट्यात तो विपुल आढळतो; वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, आणि पूर्वायुष्य बहुधा बँक, पाटबंधारे किंवा लेखापरीक्षण अशा खात्यात गेलेले, जिथे किल्ल्यांचा जुडगा आणि सहीचा अधिकार यांवरून माणसाची उंची मोजली जाते. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ हाती पडते आणि जुडगा परत करावा लागतो. त्यानंतरच्या रिकाम्या काळात कधीतरी फायबरची जोडणी देणारा तरुण येतो, पेटी भिंतीला ठोकतो, "काका, पासवर्ड खाली स्टिकरवर आहे" एवढे सांगून जिना उतरतो, आणि त्या स्टिकरच्या रूपाने या गृहस्थाच्या ताब्यात पुन्हा एकदा तिजोरी येते.

त्याची काळजी निराधार नसते, हे त्याच्याशी न्यायाने वागायचे तर आधी सांगितले पाहिजे. रेडिओलहरींना चटई-क्षेत्राचे नियम ठाऊक नसतात. त्या शेजारच्या बिऱ्हाडात, जिन्यात आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षातही पोहोचतात, आणि पासवर्ड नसलेल्या वायफायवर बसून एखाद्याने काही उद्योग केला, तर त्याचा माग प्रथम त्या जोडणीच्या मालकाच्या दारापर्यंत येतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना पाठवलेल्या ई-मेलचा माग काढताना तपासयंत्रणा नवी मुंबईत सानपाड्याला एका परदेशी नागरिकाच्या घरी पोहोचल्या होत्या, कारण ई-मेल त्याच्या घरच्या वायफायवरून गेला होता. हे प्रकरण राउटरपतीला मुखोद्गत असते, आणि पाहुण्याने पासवर्ड विचारताच, पाहुणा सख्खा मेहुणा असला तरी, ते त्याला आरंभापासून ऐकवले जाते. प्रकरणातून काढलेला पहिला निष्कर्ष अगदी बरोबर असतो: वायफाय उघडे ठेवू नये. घोटाळा त्यापुढच्या निष्कर्षांपासून सुरू होतो.

पहिला घोटाळा नावाचा. प्रत्येक वायफाय नेटवर्कला एक नाव द्यावे लागते, जे आसपासच्या सर्व फोनांच्या यादीत दिसते. तांत्रिक भाषेत त्याला एसएसआयडी म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या नावात पुष्कळदा कंपनीचे नाव किंवा राउटरचा नमुना असतो आणि तो परक्याला कळू देण्याचे कारण नसल्यामुळे ते बदलावे, हा सल्ला योग्यच आहे. परंतु पुण्याच्या परिसरातील राउटरपतीला हे नाव म्हणजे आयतीच मिळालेली पाटी वाटते. या पाटीची एक अडचण आहे. नावासाठी एकूण ३२ बाइट, म्हणजे संगणकीय साठवणुकीची ३२ घरे, मिळतात. रोमन अक्षर एका घरात मावते, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा आणि काना यांना नेहमीच्या पद्धतीत प्रत्येकी तीन घरे लागतात. त्यामुळे 'कृपया येऊ नये' एवढा साधा मजकूर मधल्या दोन मोकळ्या जागांसह ३५ घरांवर जातो आणि यंत्र तो नाकारते. 'कृपया' गाळल्यास उरलेला मजकूर १९ घरांत आरामात बसतो. सौजन्याला तांत्रिक कारणास्तव रजा देण्याची ही सोय जगात इतरत्र कोणाच्या लक्षात आली असेल असे वाटत नाही. येथे मात्र ती मनापासून स्वीकारली गेली आहे.

पाटी लागल्यावर काही महिन्यांतच राउटरपतीला कोणीतरी सांगते की, नाव लपवताही येते. मग पाटी झाकली जाते. नाव लपवणे म्हणजे राउटरने आपले नाव आपणहून घोषित करणे थांबवणे. तथापि घरातला फोन त्या नेटवर्कला जोडला जाताना ते नाव हवेत उघडपणेच उच्चारले जाते, आणि शोधणाऱ्याला साध्या साधनाने ते टिपता येते. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, राउटर नाव सांगत नसल्यामुळे ते विचारण्याची जबाबदारी फोनवर येते, आणि कित्येक फोन ती इतक्या इमानाने पार पाडतात की घरात ज्या नावाला पडद्याआड बसवले आहे, तेच नाव मालकाचा खिशातला फोन भाजीबाजारात, लोकलच्या डब्यात आणि नाट्यगृहाच्या रांगेत पुकारत राहतो.

परंतु राउटरपतीच्या कर्तृत्वाचा कळस पाहायचा असेल तर त्याची वही पाहावी. जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला मॅक पत्ता नावाचा बारा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक असतो, आणि केवळ यादीतल्या पत्त्यांनाच प्रवेश देण्याची सोय बऱ्याच राउटरांत असते. ज्याने तीस वर्षे खतावण्या लिहिल्या, त्याच्या दृष्टीने या सोयीहून रम्य असे जगात काही नाही. लाल कडांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली जाते. तिच्यात अनुक्रमांक, यंत्राचे वर्णन, धारकाचे नाव, नाते, मॅक पत्ता, मंजुरीचा दिनांक आणि शेरा असे रकाने आखले जातात. माळ्यावरून फोनांचे जुने खोके उतरवून त्यांवर छापलेले पत्ते भिंगाखाली वाचून उतरवले जातात, आणि बी व आठ यांत गल्लत होऊ नये म्हणून नातवाला समोर बसवून ताळा केला जातो. एवढे झाल्यावर नातवाचाच फोन जोडला जात नाही. याचे कारण असे की, अँड्रॉइडच्या २०१९ मधील आणि आयफोनच्या २०२० मधील आवृत्तीपासून फोन खोक्यावरचा खरा पत्ता न सांगता प्रत्येक नेटवर्कसाठी एक वेगळा, बनावट पत्ता तयार करून सांगतात, जेणेकरून दुकाने आणि विमानतळ यांना एकाच माणसाचा ठिकठिकाणी माग काढता येऊ नये. स्वतःच्या घरात स्वतःचा नातू खोट्या नावाने वावरतो, ही गोष्ट राउटरपतीला तात्त्विक पातळीवर सहन होत नाही. शेरा या रकान्यात 'संशयास्पद' असे लिहून तो फोनची ती सोय बंद करायला लावतो. ज्या घुसखोराविरुद्ध ही सर्व सिद्धता आहे, तो मात्र मंजूर यंत्राचा पत्ता हवेतून वाचून आपल्या यंत्राला चिकटवू शकतो आणि त्यासाठी त्याला कोणत्याही वहीत सही करावी लागत नाही.

पासवर्डच्या बाबतीत राउटरपतीचे धोरण महिन्याच्या एक तारखेला पासवर्ड बदलण्याचे असते. त्या दिवशी टीव्ही बंद पडतो, गिझरचे स्वयंचलित बटण मुके होते, दारावरचा कॅमेरा आंधळा होतो आणि स्वयंपाकघरातून "अहो, परत बदललात का?" असा प्रश्न येतो, ज्याचे उत्तर वर्तमानपत्र उघडून त्यामागे जाऊन दिले जाते. बदल वारंवार करायचे असल्यामुळे पासवर्ड लक्षात राहील असा ठेवणे ओघाने आलेच, आणि म्हणून नातीचे नाव, तिचे जन्मवर्ष आणि शेवटी त्या महिन्याचा आकडा अशी रचना वर्षानुवर्षे चालू राहते. वास्तविक गेली वीस वर्षे प्रचारात असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीत पासवर्ड आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत कितीही लांब ठेवता येतो, आणि तो लांब हवा याला कारण आहे: एखादा फोन जोडला जाताना राउटरशी त्याची जी सांकेतिक देवाणघेवाण होते, ती बाहेर उभ्या माणसाला टिपून घरी नेता येते आणि तेथे निवांतपणे, राउटरला पत्ताही लागू न देता, संगणकाकडून सेकंदाला हजारो शब्द ताडून पाहता येतात. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ या पद्धतीने ही पळवाट बुजवली आहे, कारण तीत प्रत्येक अंदाजासाठी राउटरलाच विचारावे लागते. जुन्या पद्धतीत मात्र सगळी भिस्त पासवर्डाच्या लांबीवर आणि त्यातील शब्दांच्या असंबद्धतेवर राहते. नातीचे नाव तासाभरातही सापडू शकते. याउलट घरातल्या गृहिणीने वाण्याला पाठवलेल्या यादीतील ओळीने आलेले पाच पदार्थ सलग लिहिले, तर तो पासवर्ड तिच्या पतीच्या आजवरच्या सर्व पासवर्डांपेक्षा कितीतरी पटींनी भक्कम ठरेल. ही सूचना त्याच्यापुढे मांडण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

गृहिणीचा उल्लेख आलाच आहे, तर हेही नोंदवले पाहिजे की, पासवर्डाचे खरे वितरण तिच्याकडूनच होते. कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला बारावीचे फॉर्म भरायचे असतात, समोरच्या आजींना अमेरिकेतल्या मुलाचे तोंड पाहायचे असते, आणि या गरजांपुढे सानपाड्याचे प्रकरण टिकत नाही. चालू महिन्याचा पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी, हिशेबासारखाच दिसेल अशा बेताने, लिहिलेला असतो. तो राउटरपतीखेरीज मजल्यावर सर्वांना ठाऊक असतो.

आता राउटरपती जे करत नाही त्याकडे वळले पाहिजे. वायफायच्या पासवर्डाहून वेगळा असा राउटरचा स्वतःचा एक पासवर्ड असतो, जो १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्त्यावर उघडणाऱ्या व्यवस्थापनाच्या पानासाठी लागतो. कारखान्यात तो पुष्कळदा 'अॅडमिन' असाच ठेवलेला असतो, आणि राउटरपतीच्या घरी तो अजून तसाच आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कोणत्याही अलौकिक बुद्धीने नव्हे, तर कारखान्यातून आलेली साठेक नावे-पासवर्ड क्रमाने घालून पाहण्याच्या चिकाटीने, आणि त्या फौजेच्या जोरावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. तीच गत डब्ल्यूपीएसची. पासवर्ड न टाइपता बटण दाबून किंवा आठ आकडी पिन घालून जोडणी देण्याच्या या सोयीत आठवा आकडा केवळ पडताळणीचा असतो, आणि पहिले चार बरोबर आहेत की नाहीत हे राउटर स्वतंत्रपणे सांगून टाकतो. त्यामुळे कोट्यवधी वाटणारे पर्याय दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे अवघ्या अकरा हजारांवर येतात. हा दोष २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाला. राउटरपतीने ते बटण पाहिले आहे. मुले दाबतील म्हणून त्याने त्यावर चिकटपट्टी लावली आहे. पिन आतून चालू आहे.

राउटरच्या आतील आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात आणि तिच्यातील छिद्रे बुजवणारी सुधारित आवृत्ती कंपनी वेळोवेळी देते. काही राउटर ती रात्री, घर झोपलेले असताना, स्वतःच बसवून घेतात. चोर रात्री येतात या अनुभवसिद्ध तत्त्वानुसार राउटरपती दररोज रात्री दहाला राउटरचे बटण बंद करून झोपतो. दिवसा सुधारणेची सूचना आलीच, तर "चाललंय ना नीट, मग हात लावू नका" असा शेरा मिळतो. खंडेनवमीला मात्र पेटीवर स्वस्तिक काढून झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि एरवी तिच्यावर क्रोशाचा रुमाल असतो.

हा विरोधाभास निव्वळ अज्ञानातून येतो असे मानणे वरवरचे ठरेल. व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलणे, पिन बंद करणे, डब्ल्यूपीए-३ किंवा निदान डब्ल्यूपीए-२ निवडणे, बाहेरून राउटर चालवण्याची सोय मिटवणे आणि सुधारणा आपोआप होऊ देणे, ही सगळी कामे अर्ध्या तासात उरकतात आणि पुन्हा फारशी करावी लागत नाहीत. मुख्य म्हणजे ती केली आहेत हे कोणाला दिसत नाही. वही दिसते. पासवर्डासाठी ताटकळणारा मेहुणा दिसतो. ज्या बंदोबस्ताने कोणाचीच गैरसोय होत नाही तो बंदोबस्तच नव्हे, अशी कचेरीत मुरलेल्या माणसाची पक्की समजूत असते, आणि राउटरपती ती घरी घेऊन आलेला असतो.

या प्रकाराच्या जीवनक्रमातील शेवटचा टप्पा साधारणतः दिवाळीत येतो. बंगळूरला नोकरी करणारी सून चार दिवसांसाठी येते, तिच्या कचेरीच्या लॅपटॉपला वहीत जागा मिळत नाही, आणि सासरे अभ्यंगस्नानाला गेले असताना ती वर सांगितलेली सर्व कामे फराळाच्या एका बशीत आटोपते. शिवाय ती पाहुण्यांसाठी एक वेगळे नेटवर्क उघडते; या सोयीमुळे पाहुण्याच्या फोनला इंटरनेट मिळते, परंतु घरातल्या संगणकांपर्यंत आणि कॅमेऱ्यापर्यंत त्याला पोहोचता येत नाही, आणि टीव्ही, गिझर यांसारखी भरवशाची नसलेली उपकरणेही त्यातच घातलेली बरी असतात. स्नानाहून आलेला राउटरपती प्रथम संतापतो. मग सून त्याला म्हणते, "बाबा, घरचं आता कायमचं झालं, त्याचा पासवर्ड बदलायचा नाही. पाहुण्यांचं तुमच्याकडे. त्याचा रोज बदला." दुसऱ्या दिवशी नवी वही आणली जाते. तिच्यात पाहुण्याचे नाव, कोठून आले, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि प्रयोजन असे रकाने असून, भाऊबिजेला आलेल्या मेहुण्याने प्रयोजनाखाली नुसते 'नेट' असे लिहिल्यामुळे त्याला ती नोंद खोडून, खाडाखोडीवर सही करून, पुन्हा तपशीलवार लिहावी लागते.