ग्रॅमशेठ

ऑक्टोबर लागला, पाऊस सरला की कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंगवाले जमू लागतात. त्यांत पिशवीत स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन येणारे गृहस्थ दिसले, तर ते आमचे ग्रॅमशेठ.

नेहमीच्या हार्नेसला बसायला फळी आणि पाठीखाली जाड गादी असते. वजन सहज पाच-सहा किलो. ग्रॅमशेठनी पहिली गदा फळीवर आणली. "पाटावर जेवायला बसतात, उडायला नाही!" आता त्यांच्याकडे दोन किलोंची कापडी झोळी आहे. काही हार्नेसमध्ये छातीचा पट्टा पायांच्या पट्ट्यांशी असा गुंतवलेला असतो की छातीचा लावताना पायांचे विसरताच येत नाहीत. "उगाच जादा बकलं," म्हणून तोही प्रकार त्यांनी नाकारला. टूथब्रशचा दांडा कापून झाला आहे. स्वतः ग्रॅमशेठ ब्याण्णव किलोंचे आहेत, पण तो विषय काढायचा नसतो.

त्यांची विद्या मात्र पक्की. नवा हार्नेस थेट डोंगरावर नेऊ नये, आधी घरी टांगून पट्टे जुळवावेत, हे शास्त्र त्यांनी कोथरूडच्या हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्यांना लटकून पाळलं. मी साक्षीला होतो. खांद्यांचे पट्टे फार आवळले तर उड्डाणानंतर बुड बैठकीत सरकत नाही. फार सैल सोडले तर माणूस आरामखुर्चीतल्यासारखा उताणा होतो. छातीचा पट्टा रुंद ठेवला की हवेची प्रत्येक ढुशी कमरेला कळते. अरुंद ठेवला की शांत वाटतं, पण ग्लायडर बिथरला तर दोऱ्यांना पीळ पडायची भीती वाढते. त्यांनी आपल्या आईंच्या शिवणाच्या टेपने हार्नेसच्या दोन कड्यांमधलं अंतर बरोबर चव्वेचाळीस सेंटिमीटरवर आणलं. फळी नसल्यामुळे दोन्ही मांड्या स्वतंत्र डुलत होत्या. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन मेंटेनन्सचं विचारायला आले. आई शांतपणे म्हणाल्या, "बसा. याचा चहा वरच देते."

आता राहिला होता राखीव पॅराशूट. हार्नेस नवा, पॅराशूट जुना. तेव्हा लटकलेल्या अवस्थेत हात मुठीपर्यंत पोचतो का आणि ओढल्यावर गाठोडं अडखळल्याशिवाय बाहेर येतं का, हे एकदा ओढूनच बघावं लागतं. ग्रॅमशेठनी ओढलं. गाठोडं झकास सुटलं आणि चेअरमनच्या पोह्यांच्या बशीत उतरलं. "सुटलं की नाही?" वरून विजयी आवाज आला. पॅराशूट पुन्हा जाणकाराकडून घडी घालून घ्यावा लागला. घडीतून ओल्या खोबऱ्याचा कीस निघाला म्हणतात. तो किती ग्रॅम भरला, ते मी विचारलं नाही.

आणि एवढा जाणता माणूस परवा टॉवर हिलवर फसता फसता वाचला. ऊन कलल्यावर वारा छान लागला होता. ग्रॅमशेठनी हेल्मेट घातलं, झोळी पाठीवर चढवली, छातीचा पट्टा लावला आणि पायांच्या पट्ट्यांकडे वाकणार, तोच एका नवशिक्याने विचारलं, "काका, हे केवढं भरतं?"

असा प्रश्न म्हणजे त्यांना लग्नाचं आमंत्रण. दहा मिनिटं कापड, शिवण, धागा. मग वारा जाईल म्हणून घाईने ग्लायडर उचलला. पाय न अडकवता सुटलेला माणूस बैठकीत बसूच शकत नाही; काखांवर लोंबकळतो, आणि हात दमेपर्यंतच वेळ असतो. हे सगळ्यांना सांगत फिरणारे तेच. कॉलेजातली एक मुलगी, शिकायला येऊन दुसराच दिवस, ओरडली, "काका, पाय!"

ग्रॅमशेठनी ग्लायडर खाली पाडला. काही बोलले नाहीत. सगळी बकलं सोडली आणि पहिल्यापासून लावली. आधी पाय.

पुढच्या रविवारी त्यांच्या पायांच्या बकलांवर लाल नाडा दिसला, आईंच्या शिवणाच्या डब्यातला. मी बघतोय हे बघून त्यांनी स्वतःच काटा काढला. नाडा दोन ग्रॅम भरला. खाली उतरल्यावर गाडीवर वडापाव घेताना त्यांनी तळलेली मिरची परत केली.