बेटावरची स्वारी

मराठी मध्यमवर्गीय माणूस सायकलीवरून उतरतो तो बहुधा दोनच प्रसंगी: घरात पहिली स्कूटर आली म्हणजे, अथवा गुडघ्यांनी राजीनामा सादर केला म्हणजे, आणि एकवार उतरल्यानंतर त्या वाहनावर पुनश्च आरूढ होण्याची वासना त्यास सहसा होत नाही. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ज्या काळी ख्याती होती त्या काळीसुद्धा, सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला आणि विजारीच्या पायाला क्लिप लावून कचेरीत जाणाऱ्या कारकुनास आपण काही छंद जोपासत आहोत अशी शंका कधी शिवली नव्हती. दिव्यावाचून किंवा डबलसीट जाताना पोलिसाने हटकले की खाली उतरून अजिजी करावी, पंक्चर झाली की सायकल हातात धरून चालू लागावे, आणि मुलाने तरी शिकून मोटारीतून फिरावे अशी देवाजवळ प्रार्थना करावी, एवढाच त्याचा आणि सायकलीचा ऋणानुबंध. देवाने प्रार्थना अर्धीच ऐकली. मुलगा शिकला, अभियंता झाला, सिंगापुरास एका पेढीच्या संगणक विभागात मोठ्या हुद्द्यावर चढला, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने एक सायकल विकत घेतली, जिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, आणि जिच्या किमतीत त्याच्या वडिलांनी कोथरुडास दोन खोल्यांची जागा घेऊन वर वास्तुशांतही उरकली होती.

या वर्गाचे पुरुष त्या बेटावर विपुल आहेत. त्यांत इंग्रज आहेत, ऑस्ट्रेलियन आहेत, फ्रेंच आहेत, आणि महाराष्ट्रीयही डोळ्यांत भरण्याइतके आहेत. देह निरनिराळे असले तरी मासला एकच असल्यामुळे त्या सर्वांचा उल्लेख आम्ही येथे 'स्वारी' असा आदरपूर्वक करू. मात्र वर्णन करताना नजर अर्थातच आपल्या माणसावर अधिक रेंगाळणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

स्वारीने सायकल का घ्यावी, याचे उत्तर तेथील मोटारविषयक कायद्यात आहे. साडेसातशे चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या त्या भूमीवर मोटारींची दाटी होऊ नये म्हणून सरकारने १९९० पासून गाड्यांची संख्या बांधून टाकली असून, गाडी बाळगण्याचा दहा वर्षांचा हक्क महिन्यातून दोन वेळा लिलावाने विकला जातो. २०२३ च्या ऑक्टोबरात मोठ्या मोटारीच्या हक्काचा भाव दीड लाख सिंगापुरी डॉलरांच्या पार गेला, आणि ही झाली नुसती सनद, मोटारीचे दाम निराळे. स्वारीने हा आकडा ऐकला त्याच रात्री बयाजवार हिशेब मांडला: मोटार घेतली नाही म्हणून इतके वाचले, पेट्रोलाचे इतके, वाहनतळाचे इतके, तेव्हा या वाचलेल्या राशीतून बारा हजारांची सायकल आणली तर खर्च असा काही झालाच नाही, उलट शिल्लकच पडली. मोटार घेण्याचा विचार मुळात कोणाच्या मनात होता, असे गृहिणीने विचारून पाहिले. परंतु जमाखर्चाच्या वहीत प्रश्नांना रकाना नसतो.

सायकलीपाठोपाठ लवाजमा येतो. पाठीवर तीन खिसे असलेला, अंगाला जखडून बसणारा रंगीबेरंगी सदरा. बैठकीच्या जागी गादी शिवलेली तोकडी तुमान, जिचा रुबाब स्वारी सायकलीवर आहे तोवरच टिकतो आणि ती खाली उतरून दुकानात शिरली की गिऱ्हाइके दुसरीकडे पाहू लागतात. पायडलात खटकन् अडकणारे बूट, जे वेळेवर सोडवता न आल्यामुळे सिग्नलपाशी उभ्याउभ्या आडवे होणे हा या पंथातील उपनयनसंस्कार समजला जातो. सायकलीचे वजन दोनशे ग्रॅमने उतरावे यासाठी स्वारी हजार डॉलरांची चाके मागवते. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोंहून कमी असू नये असा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा दंडक आहे. स्वाराच्या वजनास कमाल मर्यादा मात्र कोणीच घातलेली नाही, आणि या त्रुटीचा लाभ स्वारी गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत निःसंकोचपणे घेते.

त्या बेटावर सूर्य बारा महिने सातच्या सुमारास उगवतो. विषुववृत्त दीडशे किलोमीटरांच्या आतच असल्यामुळे दिवसमानात फरक असा पडत नाही, आणि १९८२ च्या प्रारंभी सरकारने घड्याळेच अर्धा तास पुढे सारल्यामुळे सूर्यासही कचेरीच्या वेळेस हजर होणे भाग पडले. साडेआठ वाजले की ऊन आणि ओल मिळून माणसाला शिजवू लागतात. यास्तव स्वारी साडेचाराला उठते, पाचाला कूच करते, आणि उजाडते न उजाडते तोच परतीला लागते. परिणाम असा की ज्या बेटाची हिरवाई, रस्त्यावर कमानी धरणारे विलायती शिरीष आणि समुद्रात नांगरून पडलेल्या जहाजांची रांग पाहण्यासाठी लोक दूरदूरच्या देशांहून येतात, ते बेट स्वारीने बव्हंशी काळोखात पाहिले आहे, आणि त्या काळोखातही तिच्या दृष्टीस पडले ते पुढच्या इसमाचा तांबडा दिवा व त्या दिव्याच्या वर डोलणारी त्याची गादीयुक्त बैठक. ईस्ट कोस्टला समुद्र कोणत्या बाजूस लागतो, असे विचारले तर ती हँडलावरच्या यंत्राकडे पाहते. चांगी विमानतळाच्या धावपट्टीलगतचा सरळसोट रस्ता तेवढा तिला मुखोद्गत आहे, कारण तेथे वेग पस्तीस-चाळिसापर्यंत नेता येतो. अर्थात दुसऱ्याच्या पाठीमागे राहून. आघाडीच्या माणसाने वारा अंगावर घ्यावा आणि मागच्यांनी त्याच्या आडोशाने कमी श्रमांत धावावे, ही या खेळातील विद्या, स्वारी कचेरीत पंधरा वर्षे अधिकारपदावर असल्यामुळे, तिला वेगळी शिकवावी लागली नाही.

सरकारचे लक्ष येथेही आहेच. रस्त्यावर शिरस्त्राण २०१९ पासून सक्तीचे झाले, आणि १ जानेवारी २०२२ पासून जथ्याची मोजमापेही ठरली: पाचापाचांच्या दोन ओळी, म्हणजे एकूण दहा सायकली; एकपदरी रस्त्यावर, आणि बससाठी राखलेल्या पट्ट्यात ठरल्या वेळी, एकामागे एक, तेही पाचच; शिवाय दोन जथ्यांमध्ये सुमारे तीस मीटर, म्हणजे दिव्याच्या दोन खांबांइतके अंतर ठेवावे अशी शिफारस. जथ्याच्या आकाराची मर्यादा मोडल्यास दंड. या फर्मानाने जगाला एक नवीन करुण व्यक्ती दिली आहे, ती म्हणजे जथ्यातील अकरावा इसम. तो दहांचा मित्र असतो, दहांबरोबर पहाटे उठलेला असतो, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो एकटाच एक जथा असल्यामुळे त्यास दोन खांबांइतके मागे राहून, पुढचे हास्यविनोद अस्पष्ट ऐकत, सगळा वारा स्वतःच्या छातीवर घ्यावा लागतो. हा मान प्रथेने सर्वांत नवख्या सभासदाकडे जातो, आणि तो नवखा पुष्कळदा आपला मराठी असतो; चाळीतल्या पंगतीत शेवटच्या पानावर बसण्याची सवय असल्याने तो तक्रार करीत नाही.

या सर्व पराक्रमाची खरी अडचण भूगोलाची आहे. बेट पूर्वपश्चिम पन्नास आणि दक्षिणोत्तर सत्तावीस किलोमीटर. स्वारीचा वर्षाचा संकल्प दहा हजार किलोमीटरांचा. या दोन संख्यांचा मेळ घालण्याचा मार्ग एकच उरतो, आणि तो म्हणजे प्रदक्षिणा. लहानपणी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालणाऱ्या आजीला 'एवढं चालून पोचलीस कुठं?' असे विचारून ज्याने मार खाल्ला, तोच पुरुष आज त्याच रस्त्यांवरून शनिवारी सव्य आणि रविवारी अपसव्य फिरून, ज्या इमारतीतून निघाला त्याच इमारतीच्या तळमजल्यावर शंभर किलोमीटरांनंतर येऊन पोचतो आणि पहारेकऱ्याला विजयाने हात करतो. चढणीचीही तीच गत. बेटावरील सर्वोच्च शिखर बुकित तिमाह, उंची १६३ मीटर. आणि ज्या माउंट फेबरच्या घाटाची चर्चा स्वारी सह्याद्रीच्या अभिनिवेशाने करते ती टेकडी शंभरेक मीटरांची. सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांवर आहे, आणि तो स्वारी शाळेच्या सहलीत पिठलंभाकरीच्या आशेने चढून गेली होती, हे येथे काढू नये. या दैन्यावर पंथाने तोडगा शोधला आहे: एकाच टेकडीवर इतक्या खेपा कराव्यात की चढणीची बेरीज ८,८४८ मीटर, म्हणजे एव्हरेस्टाइतकी व्हावी. फेबरवर हे व्रत करावयाचे तर शंभराच्या वर खेपा पडतात. स्वारीला जे माकड पहिल्या खेपेस दिसले तेच शेवटच्या खेपेसही दिसते, आणि दोघांपैकी अधिक चकित कोण असते हे सांगणे कठीण आहे.

हे बेट पूर्वी एकदा सायकलीने जिंकले गेले आहे, ही गोष्ट स्वारीला बहुधा ठाऊक नसते. डिसेंबर १९४१ मध्ये मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरलेल्या जपानी पायदळाच्या पलटणी हजारो सायकलींवरून द्वीपकल्प उतरत दक्षिणेस आल्या. टायर निकामी झाले तेव्हा सैनिकांनी नुसत्या रिमांवर सायकली हाकल्या, आणि रात्री त्या खडखडाटाने रणगाडे आले असा प्रतिपक्षाचा समज झाला, असे सांगतात. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्रजी फौजेने शरणागती पत्करली. तिच्यातले हजारो हिंदी शिपाई कैदेत पडले. त्या मोहिमेचे स्मरण सुखाचे नाही. तथापि टायरात हवेचे दाबमान पाच पौंड कमी भरले एवढ्यावरून ज्या स्वाऱ्या पहाटेचे प्रस्थान रद्द करतात, त्यांनी तो इतिहास एकदा वाचावा असे आम्हांस वाटते.

कुटुंबवत्सलतेचा प्रसंग वर्षातून एखादे वेळी येतो, तेव्हा स्वारी सहकुटुंब पुलाउ उबिन या शेजारच्या छोट्या बेटावर जाते. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी मोटारबोट बारा उतारू जमले की सुटते. माणसाचे चार डॉलर, सायकलीचे दोन निराळे. कुटुंबातील इतर माणसे तिकडच्या गावात भाड्याच्या जाड चाकांच्या, टोपलीवाल्या सायकली घेऊन खडीच्या वाटेने, रानडुकरे पाहत, आनंदाने पुढे जातात, आणि स्वारी आपले कार्बनचे रत्न खांद्यावर घेऊन मागून चालत येते, कारण खडीने त्याच्या चाकांस इजा होईल. बेटाच्या पूर्व टोकाशी चेक जावा नावाची पाणथळ जागा आहे. ओहोटीला तेथे समुद्रतारे, खेकडे आणि खारफुटीची मुळे पाहत पुलावरून हिंडता येते, मात्र सायकली बाहेर ठेवाव्या लागतात. भाड्याच्या सायकली बिनघोर उभ्या राहतात. स्वारीच्या सायकलीस कुलूप नाही, कारण कुलपाला वजन असते. तेव्हा स्वारी दाराशी बसते, आणि मुले परत येऊन आत काय पाहिले ते तिला सांगतात. चेक जावाला ती अनेकदा जाऊन आली आहे. चेक जावा तिने पाहिलेले नाही.

परंतु स्वारीचे अंतरंग पाहावयाचे असेल तर ते सायकलीवर दिसत नाही. ते कोपीतियामात, म्हणजे तिकडच्या चहाकॉफीच्या दुकानात, फेरीनंतरच्या न्याहारीस दिसते. नारळाचे दूध, अंडी आणि साखर आटवून केलेला काया नावाचा मुरंबा लावलेला पाव, अर्धकच्ची अंडी, आणि काळीभोर कोपी. फेरी दोन तासांची असेल तर ही बैठक पावणेतीन तासांची. प्रथम साखळीची वंगणे, मग गुडघ्यांची दुखणी, मग मुलांच्या शाळांची फी, आणि हळूहळू, कोणी न काढता, परवान्याचा विषय निघतो. नोकरीचा परवाना पहिल्या खेपेस सामान्यतः फार तर दोन वर्षांचा मिळतो, पुढे नूतनीकरण फार तर तीन-तीन वर्षांचे. कोणाच्या पेढीत कपात आहे, कोणाचा अर्ज अडकला आहे, हे बोलताना दहाही माणसे आपापल्या शिरस्त्राणाच्या पट्ट्याशी चाळा करीत असतात. घर भाड्याचे, शाळा भाड्याचीच म्हणावी अशी, मोटार नाही. त्या बेटावर स्वारीच्या निखळ मालकीचा जिन्नस म्हटला तर तो बाहेर भिंतीला टेकून उभा आहे, आणि म्हणूनच बोलताबोलता तिची नजर सारखी तिकडे जाते. या माणसाची थट्टा आम्ही पुष्कळ केली. पण त्याच्या बारा हजारांचा हिशेब या टेबलापाशी बसले म्हणजे तितकासा चुकीचा वाटत नाही.

एके दिवशी कचेरीतून खलिता येतो. नोकरी संपली, परवाना रद्द झाला की बाडबिस्तरा आवरावयास सामान्यतः तीस दिवस मिळतात. त्यांतले पहिले दहा दिवस स्वारी सायकल पुण्यास नेण्याच्या विचारात काढते. मग मेहुणा कर्वे रस्त्याची ताजी छायाचित्रे पाठवतो आणि तो विचार मावळतो. उरलेल्या दिवसांत ती पाचाला न चुकता फेरीस जाते, आणि सायकल विक्रीस निघते.

वाचकांपैकी कोणी नोकरीनिमित्त तिकडे निघाले असतील, आणि उंची पाच फूट आठ इंचांच्या आसपास असेल, तर नवी सायकल घेण्याची घाई करू नये. महिन्याच्या अखेरीस निम्म्या किमतीत उत्तम स्थितीतली मिळते. घासाघीस केल्यास विकणारा पंपही देतो. कुलूप मात्र आपले आपण घ्यावे.