कोष्टककर

कोष्टककरांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण पुणेकर, नाशिककर, कोल्हापूरकर यांतलं काहीच त्यांना धड लागू पडत नाही. त्यांचा कायमचा मुक्काम एक्सेलमध्ये. मार्च २०२० मध्ये कंपनीने लॅपटॉप देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. बाकीचे लोक घरात केकचे प्रयोग करत बसले. कोष्टककरांच्या डोक्यात मात्र किडा शिरला: पगार बंगळुरूच्या कंपनीचा आणि भाडं कोथरूडचं हे ठीकच, पण तोच पगार आणि भाडं साताऱ्याचं असेल तर?

तेव्हापासून हा गृहस्थ कुठल्याही गावाकडे गाव म्हणून बघेनासा झाला. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून लोक वारा खातात, हे खाली बोट दाखवून विचारतात, "त्या निळ्या टाकीपाशी टू बीएचके काय जातो हो?" नाशिकला भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच यांनी भटजींना गाठून गंगापूर रोडचे भाव काढून घेतले. भटजींनीही दिले. त्यांचाही एक ब्लॉक भाड्याने द्यायचा होता.

कोष्टक मात्र बघण्यासारखं आहे. आडवी शहरं, उभे खर्च. दूध, दळण, मोलकरीण, केस कापणं, वायफाय. वीजदराचीही ओळ आहे. महावितरणचा दर पुण्याला, साताऱ्याला, नाशकाला एकच, म्हणून त्या ओळीत एकच आकडा सगळीकडे मांडलाय, पण मांडलाय. मुंबईचा रकाना लपवून ठेवलेला आहे. घरात लहान मूल आहे, म्हणतात.

जगभरच्या तुलनांत न्यूयॉर्कला १०० धरायची पद्धत आहे. कोष्टककर कोथरूडला धरतात. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'ने १९८६ पासून बिग मॅक बर्गरच्या भावावरून देशोदेशीची चलनं जोखायला घेतली, हे कुठेसं वाचल्यावर त्यांनी मिसळ निर्देशांक काढला. तिथे घोडं अडलं. पुण्यातल्या मिसळीत पोहे निघाले. नाशिकला सोबत पापड आणि दही आलं, ते वजा करायचं की धरायचं? कोल्हापुरात तर पाव जाऊन ब्रेडच्या स्लाइस आल्या, आणि कट संपायच्या आत पोऱ्या नवीन ओतून गेला. कोष्टककरांनी त्याला थांबवून विचारलं, "एक्स्ट्रा कटचे किती?"

"कटाचं कुठं पैसं असत्यात व्हय? घ्या की पायजे तेवढा!"

कोष्टककरांचा घास हातात राहिला. ज्याला किंमत नाही तो माल रकान्यात बसत नाही. शेवटी त्यांनी सरासरी तीन वाट्या धरून कोल्हापूरला ६४ गुण दिले. मालकाने ऐकलं असतं तर चौथी वाटी डोक्यावर ओतली असती, आणि माझं मत विचाराल तर बरोबरच केलं असतं.

नुसती कोष्टकं मांडून बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण हे खरोखर राहायला जातात. घरमालक करार करतात ११ महिन्यांचा. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, तेव्हा त्या अकराला आता फारसा अर्थ नाही. पण कोष्टककरांना तो आकडा मानवला. पंचांगात मधूनच तेरावा महिना येतो. यांच्या वर्षात बारावाही येत नाही.

गोव्याला गेले ते नोव्हेंबरातल्या बांगड्याच्या भावावर. १ जूनला ट्रॉलर किनाऱ्याला लागले ते ३१ जुलैपर्यंत, आणि ६१ दिवस कोष्टककर सुकटीवर आले. दापोलीला भाडं इतकं कमी की दोनदा पडताळून पाहिलं. आषाढात वीज गेली, इन्व्हर्टर बसला, आणि मोबाईलला रेंज यायची ती फक्त मागच्या विहिरीपाशी. तिथे छत्री धरून त्यांनी न्यू जर्सीच्या क्लायंटला प्रेझेंटेशन दिलं. मॅनेजरने मध्येच बेडकांना म्यूट करायला सांगितलं. साताऱ्याबद्दल तक्रार काढायला जागाच नव्हती, म्हणून तिथून सर्वांत आधी निघाले.

वहिनी सोसतात. एकदा मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना कुठल्याही गावच्या बटाट्याचा भाव विचारा, तोंडपाठ. आपण सध्या कितव्या मजल्यावर राहतो ते विचारा बघू." मी विचारलं. कोष्टककर म्हणाले, "लिफ्टचा मेंटेनन्स वेगळा नाही, एवढं नक्की."

मागच्या दिवाळीत त्यांच्या मेव्हण्याने ते कोष्टक उघडलं. मेव्हणा चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे घरातला शत्रूच. एवढ्या बचतीत एक पैसा शिल्लक कसा नाही, हे त्याला कळेना. मग त्याला तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, एक ओळ सापडली: सामान हलवणे, दलाली, रंगकाम, नवे पडदे. पुढे शेरा होता, 'एकदाच येणारा खर्च, हिशेबात धरू नये.' हा एकदाच येणारा खर्च प्रत्येक गावी एकदाच आला होता. फ्रिजच्या दाराला आता नायलॉनची दोरी बांधावी लागते, आणि वहिनींनी पडदे शिवायचं सोडून खिडक्यांना चादरी लावल्या आहेत.

मेव्हण्याने ती ओळ हिशेबात धरून दाखवली. कोथरूडहून हललेच नसते तर पैसे उरले असते, असं उत्तर आलं. आम्ही सगळे गप्प. चिवड्यातले शेंगदाणे वेचत कोष्टककर बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. आता माणूस ताळ्यावर येणार असं मलासुद्धा वाटलं.

त्यांनी नवी शीट उघडली. राहायला कुठलं शहर स्वस्त, हा प्रश्नच मुळात चुकीचा होता, म्हणाले. सोडून जायला कुठलं स्वस्त पडतं ते बघायला हवं. टेम्पोवाले, हमाली, अनामत परत मिळायला लागणारे दिवस असे रकाने पडले आहेत. सध्या मिरज आघाडीवर आहे. जंक्शन आहे ना.