रुमाल टाकून ठेवला आहे, साहेब

प्रति,
माननीय प्रवेशप्रमुख,
(मेडिकल कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपणही आमच्या नातीला नऊ महिने 'प्रिय अर्जदार' म्हणूनच लिहीत होता.)

विषय: एका जागेबाबत.
संदर्भ: 'आपण अजून विचाराधीन आहात' या मजकुराचे आपले तीन ईमेल.

महोदय,

मी एसटी महामंडळाचा निवृत्त वाहक. पस्तीस वर्षं जामखेड-नगर रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला तिकिटं फाडली. सध्या मुक्काम न्यू जर्सी, लेकीकडे. वैद्यकशास्त्रातलं मला काही कळत नाही. पण जागा कशी धरतात, धरलेली कशी टिकवतात आणि रिकाम्या बाकावर हात ठेवून 'इथं माणूस येणार आहे' असं खोटं कोण सांगतं, एवढं मला दुरून ओळखता येतं. त्या अधिकारात हे पत्र.

एसटीत जागा धरायची पद्धत आपल्याला ठाऊक नसेल. गाडी फलाटाला लागायच्या आत तिच्याबरोबर पळत खिडकीतून रुमाल आत टाकायचा. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, पेपर. काहीच नसेल तर धाकटं पोर. रुमाल पडला त्या बाकावर आपला हक्क. दारातून रेटारेटी करून आत आलेल्या माणसाने तो उचलायचा नसतो. उचललाच तर भांडण होतं, आणि भांडणात गाडी रुमालवाल्याच्या बाजूने उभी राहते. ह्याला कुठल्या नियमावलीचा आधार नाही, तरी मी हा कायदा मोडलेला फार क्वचित पाहिला.

आपल्याकडे ह्या रुमालाची किंमत साधारण शंभर डॉलर आहे, असं नातीने समजावून सांगितलं. प्रवेशाचं पत्र आलं की अनामत भरायची, जागा धरली. 30 एप्रिलपर्यंत मन बदललं तर बहुतेक ठिकाणी पैसे परत. हे ऐकून मला आपल्या लोकांबद्दल खरोखर आदर वाटला. (डी.ओ. या दुसऱ्या डॉक्टरी पदवीच्या कॉलेजांत म्हणे हाच रुमाल कधी हजार, कधी दोन हजार डॉलरचा असतो. तो रुमाल नव्हे, पैठणीचा पदर. टाकला की परत मिळेलच असं नाही.) हुशार पोराला पाच प्रवेश मिळाले तर पाच गाड्यांत पाच रुमाल टाकता येतात. मात्र 15 एप्रिलला त्यातले तीनच ठेवायचे, 30 एप्रिलला एक. त्यासाठी संगणकावर दोन बटणं आहेत. एकाचा अर्थ 'येण्याचा बेत आहे', दुसऱ्याचा 'येणारच'. एवढी नाजूक मराठी आमच्या सोयरिकीच्या बैठकांतसुद्धा बोलत नाहीत.

आदर इथपर्यंत. कारण शंभर डॉलरचा रुमाल टाकण्यासाठी आधी फलाटावर उभं राहायचं भाडं द्यावं लागतं, ते कुणी मला सुरुवातीला सांगितलं नव्हतं. जून 2024 मध्ये नातीने 22 कॉलेजांना अर्ज केला. पहिल्या कॉलेजचे 175 डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे 46. तिकिटाचा हिशेब मी आजही तोंडी करतो: 1141. त्याआधी एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे तीनशेच्या वर. ही परीक्षा साडेसात तासांची, आणि तिचे गुण 472 पासून सुरू होतात. म्हणजे एकही उत्तर बरोबर आलं नाही तरी पोरगं 472 घेऊन घरी येतं. आमच्या वेळी अशी सोय असती तर मी मॅट्रिकला बोर्डात आलो असतो. मग ह्या 22 पैकी 19 कॉलेजांनी दुसरा अर्ज पाठवला, त्याला 'सेकंडरी' म्हणतात, त्याची फी निराळी, बहुतेक ठिकाणी शंभरच्या आतबाहेर. आपणही पाठवलात. मला वाटलं, पोरगी आवडली! लेक म्हणाली, "आबा, ते जवळपास सगळ्यांनाच पाठवतात." गरीब पोरांना फीमध्ये सवलत आहे, हे मान्य. पण मधल्या लोकांनी काय करायचं? डॉलरला रुपयांनी गुणायचं नाही असं लेकीने बजावलंय. मी रात्री गुपचूप गुणतो.

त्या दुसऱ्या अर्जात आपण विचारलं होतं: आयुष्यात तुम्ही कोणत्या प्रतिकूलतेला तोंड दिलंत? नात माझ्यापाशी आली. "आबा, आपल्याकडे काही ॲडव्हर्सिटी आहे का?" जणू डब्यात लाडू शिल्लक आहेत का, असं. मी म्हटलं, "बाळ, 1972 चा दुष्काळ आहे, पण तो माझा आहे." दुष्काळी कामावर मी खडी फोडली आहे. सुकडी खाल्ली आहे, आणि अमेरिकेची म्हणून आलेली ती लाल मिलो ज्वारीसुद्धा. म्हणजे हिशेबाने बघितलं तर आपली आणि माझी जुनी ओळख आहे. नात दोन दिवस विचारात पडली. मग म्हणाली, "तुझं दुःख मी नाही वापरणार, ते चोरल्यासारखं होईल." आणि तिने आठवीत गणितात नापास झाल्याचं लिहिलं. तो निबंध आपल्याकडे आहे. पुन्हा एकदा वाचा, एवढीच विनंती.

आता तासांबद्दल.

आपल्या सामाईक अर्जात पंधरा कामं लिहायला जागा असते. प्रत्येक कामाला 700 अक्षरं, त्यात मोकळ्या जागाही मोजतात. तीन कामं 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायची, त्यांना आणखी 1325. कामाचं नाव, तारखा, एकूण तास आणि खात्री करून घेण्यासाठी एका माणसाचा संपर्क. नात दोन वर्षं शनिवारी एका मोफत दवाखान्यात जायची. एका आजीचा रक्तदाब घ्यायच्या आधी ती तिचा हात हातात घेऊन नुसती बसायची, कारण आजीला यंत्राची भीती वाटायची. हे बसणं तिने 700 अक्षरांत बसवलं. 'बसायची' हा शब्द तिने सहा वेळा खोडला आणि शेवटी तिथं 'रुग्णाशी विश्वासाचं नातं निर्माण केलं' आलं. मी समोर बसून पाहिलं. ती आजी त्या वाक्यातून कधी उतरून गेली, कळलंच नाही.

मला माझ्या गाडीतली एक बाई आठवली. जामखेडला चढली, नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात नवरा ॲडमिट, कनवटीला अर्ध्या तिकिटाचेही पैसे नाहीत. मी खिशातून भरले आणि पंच मारून तिकीट हातात दिलं. बिनतिकीट प्रवासी सापडला असता तर मार्गतपासणीवाल्यांनी माझंच चामडं सोललं असतं. आज ते आपल्या अर्जात भरायचं तर मी काय लिहू? तास: पावणेतीन. संपर्क: एक बाई, लुगडं हिरवं.

आणि जामखेड म्हटलं म्हणून सांगतो. 1970 साली तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले, आपल्याच देशात जॉन्स हॉपकिन्सला शिकून. त्यांनी गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. पुष्कळशा निरक्षर, कितीतरी दलित. बाळंतपण, पोरांचं वजन, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी, सगळं त्या बघत. ह्या बायकांची निवड कोण करायचं, ठाऊक आहे? गाव. कुणाच्या अडीअडचणीला कोण धावतं, हे गावाला अर्ज न मागवता माहीत असतं. शिकून परत जाताना माझ्या गाडीत त्या मागच्या बाकावर बसत, मांडीवर औषधांची पिशवी. त्यांना बघायला आपल्याकडचे गोरे विद्यार्थी जामखेडला उतरायचे, त्यांचीही तिकिटं मी फाडली आहेत. त्यातलं कुणी आज आपल्या समितीवर असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. सुट्ट्या पैशांवरून एकाशी माझा वाद झाला होता, तो मी विसरलो आहे.

मुलाखतीची तयारी आम्ही घरीच केली. आपल्याकडे आता 'एमएमआय' म्हणून प्रकार निघाला आहे, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढलेला. एका मुलाखतीऐवजी आठ-दहा छोट्या. दारावर प्रश्न चिकटवलेला, दोन मिनिटं वाचायला, मग घंटी, आत जाऊन सात-आठ मिनिटं बोलायचं, परत घंटी, पुढचं दार. घंटी म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकघर, गॅरेज, तळघर आणि न्हाणीघर असे चार थांबे केले. देवघरातली घंटा घेऊन मी मधल्या बोळात उभा: एकदा वाजवली की थांब, दोनदा वाजवली की चल. गॅरेजच्या थांब्यावर मी रागावलेल्या पेशंटचं काम केलं. म्हणजे केलं रागावलेल्या प्रवाशाचंच, ते मला पाठ आहे. "दोन तास झाले, गाडीचा पत्ता नाही, तुम्ही झोपा काढता का?" नात मऊ आवाजात म्हणाली, "तुमचा त्रास मला समजतो. तुम्हाला काय वाटतंय ते मला अजून सांगाल का?" जामखेडच्या स्टँडवर वाहक असं बोलला असता तर प्रवासी भिऊन पुढच्या गाडीने गेला असता. मी मात्र गॅरेजमध्ये दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. मला पस्तीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

आपली मुलाखत नोव्हेंबरात संगणकावर झाली. पाठीमागच्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिथं मनीप्लांट ठेवला. तासभर घरात कुकर लावला नाही. शेवटी आपल्या प्राध्यापकांनी विचारलं, तुला काही विचारायचं आहे का? तिने विचारलं, निर्णय कधी कळेल? ते म्हणाले, लवकरच. साहेब, चौकशीच्या खिडकीत बसून मीही 'येईल एवढ्यात' असं पुष्कळ म्हटलं आहे. ते गाडी आगारातून निघालेलीच नसेल तेव्हा म्हणायचं असतं.

प्रवेश द्यायला आपल्याला 15 ऑक्टोबरपासून मुभा असते. आपण मार्चमध्ये कळवलंत की ती प्रतीक्षायादीवर आहे. कितवी? ते सांगत नाही म्हणालात. आमची रेल्वे पुष्कळ पापं करते, पण डब्ल्यूएल 47 असा आकडा तरी छापते. माणूस 47 चे 31 झाले की शेजाऱ्याला पेढा देतो. आपण नुसतं उभं केलंत. वर सुचवलंत की इच्छा असल्यास पत्र लिहावं. त्याला म्हणतात 'लेटर ऑफ इंटेंट': घेतलंत तर मी तुमच्याकडेच येईन, दुसरीकडे नाही. असं पत्र प्रामाणिक पोराने एकाच कॉलेजला लिहायचं असतं. तिने आपल्याला लिहिलं. म्हणजे शपथ एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने 'विचाराधीन'. आमच्या गावात अशा मुलाला दुसरी मुलगी दाखवत नाहीत.

राखीव जागांबद्दल थोडं बोलतो, गैरसमज नको. एसटीत आमदाराची जागा असते, स्वातंत्र्यसैनिकाची असते, बायकांची असते, अपंगांची असते. बाकाच्या वर पत्र्यावर रंगवलेलं असतं, त्यामुळे तिथं बसणारा आधीच ओशाळून बसतो. देशभरात पन्नास हजारांवर पोरं अर्ज करतात आणि तेवीस हजारांच्या आसपास आत जातात, हे मला समजतं; गाडी भरलेली असते. फक्त ज्यांचे आईबाप आपल्याच कॉलेजातून शिकले, ज्यांनी इमारतीला पैसे दिले, त्यांच्या बाकावरही तेवढी एक पाटी रंगवा. उभ्या प्रवाशाला निदान कळेल की आपण का उभे आहोत.

बाकी, जानेवारीत एका दुसऱ्या कॉलेजने नातीला घेतलं. लहान कॉलेज, शहर लहान. त्यांच्या प्रवेश कार्यालयातल्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं आणि नाव बरोबर उच्चारलं. म्हणजे आधी जमलं नाही, तेव्हा दोनदा म्हणून पाहिलं. लेकीने त्याच दिवशी शंभर डॉलर भरले. एप्रिलअखेर बेताचं बटणही तिथलंच दाबलं. तरी तिचा एक कान आपल्याकडे होता, हे मी खोटं कशाला सांगू?

परवा आपला ईमेल आला. जागा रिकामी झाली आहे, 48 तासांत कळवावे. आपण नऊ महिने घेतलेत, आम्हाला अठ्ठेचाळीस तास. आत्ता हे लिहितोय तेव्हा त्यातले एकोणचाळीस संपलेत. काल रात्री ती माझ्या खाटेवर येऊन बसली. लॅपटॉप मांडीवर, उघडला नाही. म्हणाली, "आबा, चांगली गाडी मागून आली तर उतरायचं का?" मी म्हटलं, पुष्कळ जण उतरतात, त्यात वाईट काही नाही, पण आधी ह्या गाडीत कोण बसलंय ते बघ. तिने फोनमधलं एक चित्र दाखवलं: त्या लहान शहरातली खोली, दोन मैत्रिणी, एक जुना सोफा आणि खिडकीत तिने आधीच नेऊन ठेवलेला आमचा मनीप्लांट.

आज सकाळी तिने आपल्याला नकार कळवला आहे. दोनच ओळींचा आहे, सभ्य आहे, अक्षरं मोजलेली नाहीत. आपल्या यादीवर जे कुणी उभं असेल त्याला ती जागा लगेच द्या, आजच. त्याचे पाय दुखत असतील.

मी बोळात उभा राहून दोनदा घंटी वाजवली.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहक

ता.क. सेकंडरी अर्जाची आपली फी परत मिळत नाही, हे माहीत आहे. आमच्याकडे सुट्टे नसले की बाकी रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतात आणि प्रवासी उतरताना ती मागून घेतो. आपणही तसं लिहून दिलंत तरी चालेल. मी नोव्हेंबरपर्यंत इथंच आहे.